यादी न करता: ऊसतोड पट्ट्यातल्या एका शाळेत पाळीचं शिक्षण

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतलं हे प्रकरण आहे. वर्ग पहिली ते आठवी, शिक्षक पाच, त्यात बाई एकच. गावाचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे ही नेहमीची औपचारिकता नाही. कुणाबद्दल कुणाला काय कळू द्यायचं, यावरच हे सगळं प्रकरण उभं आहे.

गावातली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते आणि एखाद्या दिवशी खाडा झाला तर तिच्यातून पैसे कापले जातात, मग ताप असो की पाळी. मुलं आजी-आजोबांकडे राहतात, शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतात, नाहीतर आई-बापाबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, जातात. दहा-बारा वर्षांची मुलगी बरोबर असली की कोपीवरचं (तिथल्या खोपटातलं) धाकटं भावंड आणि पाणी भरणं तिच्याकडे.

मुलीला पाळी आली की घरात वेगळाच हिशेब सुरू होतो. म्हातारीच्या भरवशावर मागे ठेवावं तर आई-बापाचा जीव थाऱ्यावर राहत नाही. सोबत न्यावं तर कोपीला दार नसतं. मग लग्न करून टाकलं की जबाबदारी संपते, आणि जावई-लेक मिळून एक नवा कोयता होतो, त्यावर उचल मिळते. बालविवाहाच्या बाबतीत राज्यातल्या सर्वांत वाईट जिल्ह्यांमध्ये बीड मोजला जातो, त्यामागे हे गणित आहे. म्हणजे या गावात 'अमक्याची पोरगी मोठी झाली' ही बातमी फुटली की स्थळं यायला लागतात. पाळीच्या शिक्षणाची बहुतेक तयार पुस्तकं हा धागा धरत नाहीत. ती लाज, अज्ञान आणि पॅड इथपर्यंत येऊन थांबतात.

याच पट्ट्यातली दुसरी गोष्ट महाराष्ट्राला 2019 मध्ये कळली. ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचं समोर आल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, रक्त थांबत नाही, म्हणून बाई खासगी दवाखान्यात जायची आणि तिथे 'काढून टाका, मोकळ्या व्हा' असा सल्ला मिळायचा. शाळेतल्या मुलींच्या आया, मावश्या, चुलत्या या बायकांच्याच वयाच्या. मुली पाळीबद्दल जे ऐकत मोठ्या होतात, त्यात हे सगळं मिसळलेलं असतं.

शालेय अभ्यासक्रमात मासिक पाळीचं चक्र सविस्तर येतं ते दहावीच्या विज्ञानात. मुलींना पाळी येते सहावी-सातवीत. गावातली शाळा आठवीपर्यंत.

समस्या कशी पुढे आली

2023-24 या वर्षाचा जुलै. सहावीतली एक मुलगी तासाला उठून उभी राहिली आणि मागच्या मुलांना तिच्या गणवेशावर डाग दिसला. दोघे-तिघे हसले. वर्गावर सर होते. त्यांनी फळ्याकडे तोंड फिरवलं आणि एका मुलीला सांगितलं, 'हिला घरी सोडून ये.' बाई त्या दिवशी तालुक्याला प्रशिक्षणाला होत्या. त्यानंतर दोन-तीन आठवडे ती मुलगी शाळेत आली नाही.

बाई वस्तीवर गेल्या तेव्हा कळलं की तिला आधी कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. पोटात काहीतरी फुटलं आणि आता आपण मरणार, असं वाटून ती वाटेत रडत होती. आजीने नायलॉनच्या जुन्या साडीचा तुकडा दिला होता. तो काही शोषत नव्हता, मांड्या सोलवटल्या होत्या. बाईंना मात्र हादरवलं ते आजीच्या बोलण्याने. 'बाई, तुम्ही आलात ते बरं झालं, पर साळंतनं गावभर झालंय. मागच्या आठवड्यात माणसं येऊन गेली बघायला. मी म्हनलं होतं पोरीच्या आईला, वरीसभर तरी कुनाला कळू द्यायचं न्हाई.'

आजी तिच्या परीने नातीला वाचवतच होती. तिचं शस्त्र होतं गुपित, आणि शाळेत सगळ्यांसमोर ते गळून पडलं होतं.

परतल्यावर बाईंनी शाळेचं शौचालय नव्या नजरेने पाहिलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मुलींचं वेगळं शौचालय होतं. कागदावर सगळं ठीक. दाराला कडी नव्हती, त्यामुळे एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी. टाकीतलं पाणी दुपारच्या सुट्टीपर्यंत संपायचं. आत बादली नाही, कचऱ्याला डबा नाही. मोठ्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, ही गोष्ट त्यांना त्याच आठवड्यात कळली.

समोर कोणते मार्ग होते

पहिला मार्ग सर्वांत सोपा होता: बाहेरून कुणालातरी बोलावून तासाभराचं व्याख्यान आणि फुकट पॅडचं वाटप. तालुक्यातल्या एका मंडळाने तयारी दाखवली होती. बाईंचा आक्षेप दोन गोष्टींना होता. एकदा येऊन गेलेल्या पाहुण्याला मुली काही विचारणार नाहीत. आणि वाटपासाठी मंडळाला हवी होती 'पाळी सुरू झालेल्या मुलींची यादी, सहीसह', शिवाय फोटो.

दुसरा मार्ग आशाताईंचा. केंद्र सरकारच्या 2011 पासूनच्या योजनेत आशा कार्यकर्ती किशोरींना सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना देते, हे अनेक ठिकाणी चालतं. इथल्या आशाताई कामाला चोख होत्या, पण त्या गावच्याच सून. त्यांच्या दारात कोण जातं हे अख्खी आळी बघते. पाकीट घेणारी मुलगी म्हणजे जाहीर झालेली मुलगी.

मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं की थांबावं, हायस्कूलला गेल्यावर दहावीत हे येतंच. त्यांना नुसतं टाळायचं होतं असं म्हणता येणार नाही. 2007 मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या, म्हणजे किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावरून महाराष्ट्रात गदारोळ झाला आणि सरकारने तो थांबवला, तेव्हा ते नोकरीत नवे होते. 'तेव्हा सगळ्यांनी हात झटकले, राहिला तो मास्तर,' असं ते म्हणाले. एका पालकाची तक्रार वर गेली तर आपल्या मागे कोण उभं राहील, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

चौथा मार्ग होता बाईंनी स्वतः शिकवण्याचा. त्यातही पुन्हा फाटे होते. कोणत्या वर्गांना? मुलग्यांचं काय? आणि आधी शौचालय की आधी धडा? पाणी आणि कडी नसताना 'दर चार-सहा तासांनी बदला' असं शिकवणं म्हणजे मुलीच्या माथी आणखी एक अपराध मारणं, असं बाईंचं मत होतं. माझंही तेच आहे. स्वच्छतेचे धडे बऱ्याचदा मुलीला नियम सांगतात आणि नियम पाळायला लागणाऱ्या वस्तू कुठून येणार यावर मौन पाळतात.

काय ठरलं

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय गेला. या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. बाईंनी बैठकीत पाळीचं नाव न घेता सुरुवात केली ती शौचालयाच्या कडीपासून, आणि हे शहाणपणाचं होतं. एका पालकाचं वेल्डिंगचं दुकान होतं, त्याने दुसऱ्या दिवशी कडी आणि आतून हुक बसवून दिला. पाण्यासाठी ग्रामपंचायतीकडे पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी होता, त्यातला निम्मा भाग पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठीच वापरायचा होता. ठराव झाला, पण जोडणी व्हायला दिवाळी उलटली. तोवर बाहेरच्या हौदातून दोन बादल्या भरून ठेवण्याचं काम वर्गवार लावलं, आणि त्यात मुलगेही धरले.

मग बाईंनी मूळ विषय काढला. सगळी पोरं घरी येऊन विचारत बसतील, अशी शंका एका आजोबांनी काढली. त्यावर समितीतली एक आई पदर सावरत म्हणाली, 'मला कुनी सांगितलं न्हवतं. मी तीन दिस ज्वारीत लपून बसले होते.' पुढे फारशी चर्चा झाली नाही. 2022 मध्ये शासनाने प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापायला सांगितलं होतं आणि ती या शाळेत कागदावर होतीच. तिच्या कार्यवृत्तात विषय नोंदवल्यामुळे मुख्याध्यापकांनाही कागदाचा आधार मिळाला.

बाईंनी स्वतःपुरता एक नियम केला आणि वर्षभर प्रत्येक निर्णय त्यावर घासून पाहिला: शाळेतल्या कोणत्याही कृतीतून कुणाची पाळी सुरू झाली आहे, हे बाहेर कळता कामा नये. हा नियम ऐकायला साधा आहे. पाळायला लागल्यावर जवळजवळ प्रत्येक रूढ पद्धत त्यात अडकते.

काय केलं

*तास.* पाचवी ते आठवीच्या सगळ्या मुलींना एकत्र बसवलं, पाळी आलेल्या आणि न आलेल्या असा भेद न करता. पाचवीच्या मुली लहान वाटल्या तरी त्यांना घेणं गरजेचं होतं. पाळी यायच्या आधी सांगितलं तरच त्या सांगण्याला अर्थ. तासाआधी मिठाईच्या खोक्याला फट पाडून प्रश्नपेटी केली. नियम असा की प्रत्येकीने चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी टाकायची. त्यामुळे कोण लिहितंय यावरून काहीच कळत नव्हतं.

चिठ्ठ्यांमधले प्रश्न असे होते. लोणचं खरंच नासतं का? एवढं रक्त गेल्यावर माणूस मरत कसं नाही? पाळीत केस धुतले तर डोकं फिरतं का? एका चिठ्ठीवर होतं, 'पिशवी लहानपणीच काढली तर पाळी येणार नाही ना?'

या शेवटच्या प्रश्नासाठी बाई तयार नव्हत्या. त्यांनी तो त्या दिवशी बाजूला ठेवला, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमशी बोलून पुढच्या तासाला घेतला. पिशवी काढणं ही मोठी शस्त्रक्रिया आहे, गाठी, कर्करोग किंवा कशानेच न थांबणारा रक्तस्राव अशा कारणांसाठी ती असते. बरोबर बीजकोशही काढले तर तरुण वयातच रजोनिवृत्ती येते आणि हाडं ठिसूळ होतात. पांढरं जाणं, खाज, दुखणं यांवर आधी गोळ्या-औषधांनी उपचार होतात. मुलींच्या घरात हे झालेलं आहे, त्यामुळे 'तुमच्या आयांची चूक झाली' असा सूर येऊ न देणं ही कसरत होती. ती बाईंनी नीट सांभाळली.

रक्ताच्या प्रश्नाला त्यांनी कुंकवाच्या पाण्याने उत्तर दिलं. पूर्ण पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलीटर रक्त जातं, म्हणजे पोहे खायच्या मोठ्या चमच्याने दोन-तीन चमचे. तेवढं लाल पाणी त्यांनी स्टीलच्या वाटीत ओतून दाखवलं आणि तेच सुती पंच्याच्या तुकड्यावर ओतलं, तेव्हा डाग केवढा पसरतो ते मुलींनी पाहिलं. 'एवढंच?' असं चार-पाच जणी एकदम म्हणाल्या. लगेच मर्यादाही सांगितली: तासा-दोन तासांत घडी पूर्ण भिजत असेल, सात दिवसांच्या पुढे जात असेल, तर ते नेहमीचं नाही, दवाखान्यात जायचं. या वयात दोन पाळ्यांमध्ये 21 ते 45 दिवसांचं अंतर पडू शकतं, हेही सांगितलं. महिना चुकला की घरात भलत्याच शंका घेतल्या जातात, म्हणून मुलींच्या दृष्टीने हा आकडा फार मोलाचा. तारखा घरच्या कॅलेंडरवर नाही, वहीच्या शेवटच्या पानावर बारीक ठिपक्याने मांडायच्या असं ठरलं. तो ठिपका कसला आहे हे फक्त तिला ठाऊक.

*पॅडची पिशवी.* पॅड शाळेच्या अनुदानातून आणि थोडे बाईंच्या पैशातून आले. जनऔषधी केंद्रात 2019 पासून एक रुपयाला एक पॅड मिळतो, तालुक्याला गेलं की बाई एकदम आणायच्या. प्रश्न होता ठेवायचे कुठे. कपाटात ठेवले तर किल्ली मागावी लागते, आणि बाई रजेवर किंवा मतदार यादीच्या कामावर गेल्या की सरांकडे. म्हणून कापडी पिशवी थेट शौचालयात आत खिळ्याला टांगली. मागायचं नाही, नोंदवायचं नाही.

तिसऱ्या दिवशी पिशवी रिकामी झाली. मुख्याध्यापक म्हणाले, कुलूप लावा. बाईंनी चौकशी केली नाही, पण अंदाज सोपा होता: पॅड घरी जात होते, मोठ्या बहिणीला, आईला. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय इथे होता. कुलूप लावलं तर हिशेब बसतो, पण किल्लीबरोबर यादी परत येते. बाईंनी पिशवी उघडीच ठेवली. फक्त रोज थोडे पॅड ठेवायचे असं केलं आणि मुलींना सांगितलं, 'इथले शाळेत लागतील म्हणून आहेत. घरी कुणाला हवे असतील तर मला सांगा, कुठे स्वस्त मिळतात ते सांगेन.' गळती थांबली नाही, कमी झाली. तेवढा तोटा त्यांनी धरूनच चालला.

*कपडा की पॅड.* ऑक्टोबरमध्ये, टोळ्या निघायच्या आधी, बाईंनी एक तास फक्त कपड्यावर घेतला. यावर केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका सहकाऱ्याने टीका केली की जग पॅडकडे चाललंय आणि तुम्ही मुलींना मागे नेताय. पण फडावर जाणाऱ्या मुलीला चार-पाच महिने पॅड कुठून मिळणार, आणि वापरलेला टाकणार कुठे? उसाच्या सरीत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या व्याख्येत साधा कपडा 'आरोग्यदायी साधनां'त मोडत नाही. तरी सुती कपडा स्वच्छ धुतला, कडक उन्हात वाळवला आणि कोरडा ठेवला तर तो सुरक्षित आहे. धोका ओलसर कपड्यात असतो, दुसऱ्या कपड्यांखाली लपवून अर्धवट वाळवलेल्या.

अडचण अशी निघाली की घरात सुती कापडच उरलेलं नाही. आजीच्या पिढीत जुनं लुगडं असायचं, आता साड्या सगळ्या सिंथेटिक. शेवटी बाजारातला साधा सुती पंचा निवडला. एका पंच्याचे चार तुकडे, प्रत्येक मुलीला चार तुकडे आणि एक छोटी पिशवी. धुण्याची पद्धत करून दाखवली: आधी गार पाण्यात, कारण गरम पाण्याने डाग बसतो, मग साबण, मग ऊन. उन्हात उघडं टाकायची लाज वाटते, त्यावर आठवीतल्याच एका मुलीने उपाय सांगितला की वरून पातळ ओढणी टाकायची, ऊनही लागतं आणि दिसतही नाही. हा उपाय कोणत्याही पुस्तिकेपेक्षा चांगला होता. पंचे मिळाले सगळ्या मुलींना, पाचवीपासून.

*मुलगे.* हसले होते मुलगे, तेव्हा त्यांना वगळून चालणार नव्हतं. एका सरांनी त्यांचा वेगळा तास घेतला, बऱ्याच मनधरणीनंतर. आवाज फुटणं, मिसरूड, घाम, आणि त्याच ओघात मुलींची पाळी. तास थोडा कोरडा झाला असं सरच म्हणाले. त्यापेक्षा परिणाम झाला तो एका छोट्या बदलाचा: लघवीला जायला कुणालाच, मुलगा असो की मुलगी, हात वर करून विचारायचं नाही, सरळ उठून जायचं. फक्त मुलींना सवलत दिली असती तर उठणाऱ्या प्रत्येकीकडे वर्गाने वळून पाहिलं असतं.

*कचरा.* इथे सगळ्यांचीच दमछाक झाली. पहिल्याच महिन्यात भांड्यात पॅड अडकून शौचालय तुंबलं. मुख्याध्यापक रागाने वर्गात विचारायला निघाले होते, 'कुणी टाकलं?' बाईंनी त्यांना दारातच थांबवलं. त्या एका प्रश्नाने सगळं मातीत गेलं असतं. (जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत शौचालयात रक्त दिसलं म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. 'कुणाचं आहे?' हा प्रश्न कुठवर जाऊ शकतो ते तेव्हा राज्याने पाहिलं.)

झाकणाचा डबा ठेवला, शेजारी कागद. पण तो रिकामा कोण करणार? पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, 'मी अन्न शिजवते, मला हे सांगू नका.' त्यांचं बरोबर होतं. एका सरांनी विशिष्ट घरातल्या मुलींची नावं सुचवली. ती कोणत्या समाजातली होती हे सांगायला नको. बाईंनी ते जागीच मोडलं. शेवटी शौचालयाच्या मागच्या भिंतीला लागून विटांची छोटी भट्टी बांधली. आतल्या बाजूने भिंतीत भोक, त्यातून पॅड थेट भट्टीत पडतो, हात लागत नाही, आणि आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर पालापाचोळा घालून ती पेटवायची. पेटवायचे बाई किंवा एक सर, आलटून-पालटून. पॅडमध्ये प्लास्टिक असतं, त्याचा धूर चांगला नाही, आणि अशा भट्टीत पुरेसं तापमान येत नाही. त्यामुळे हा उपाय चांगला म्हणता येत नाही, त्यातल्या त्यात कमी वाईट होता. कपडा मात्र मुली जाळायला तयार नव्हत्या. जाळला तर मूल होत नाही, अशी समजूत आहे. तिच्याशी भांडण न करता जुना कपडा खड्ड्यात पुरायचा असं ठरलं.

काय साधलं, काय नाही

हजेरी वाढली का, हा प्रश्न केंद्रप्रमुखांनी लगेच विचारला. खरं तर हजेरीपटातून काही काढता येत नाही. नोव्हेंबरनंतर निम्मा वर्गच गावात नसतो. शिवाय पाळीमुळे किती शाळा बुडते याचे जे मोठमोठे आकडे फिरतात, त्यांच्याबद्दल सावध राहावं. एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन या संशोधिकांनी नेपाळमध्ये मुलींना मेन्स्ट्रुअल कप देऊन केलेल्या, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाळीमुळे बुडणारी शाळा वर्षाला एका दिवसापेक्षाही कमी भरली, आणि कपामुळे हजेरीत फरक पडला नाही. मुली येतात, पण अवघडून बसतात. ते हजेरीपटात दिसत नाही.

बाईंनी वेगळी मोजपट्टी वापरली. मार्चमध्ये पुन्हा प्रश्नपेटी ठेवली. या वेळी लोणच्याचा प्रश्न नव्हता. 'चाळीस दिवस झाले, वाट बघू का?', 'घट्ट गाठी पडतात, ते चालतं का?', 'आईला पांढरं जातं, कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं?' असे प्रश्न होते. डॉक्टर मॅडमनी शाळेत येऊन दुपारभर बसायचं मान्य केलं. दर आठवड्याच्या लोहाच्या निळ्या गोळ्या मुली पूर्वी खिडकीतून फेकायच्या, त्याही खाल्ल्या जाऊ लागल्या, कारण रक्त जाण्याशी त्यांचा संबंध आता कळला होता.

जुलैमधली ती सहावीतली मुलगी परत आली. आई-वडील गेले, ती आजीजवळ राहिली, वसतिगृहात जेवली. पाहायला आलेल्या माणसांना आजीनेच परत पाठवलं.

आठवीतल्या एका मुलीचं मात्र मे महिन्यात लग्न झालं. ओढणीची युक्ती सांगणारी तीच. आई-बाप फडावरून एप्रिलमध्ये परतले होते, जमवाजमव तिकडेच झाली होती. शाळेला सुट्टी, बाई माहेरी. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक होता, मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला होता, पण कुणी फोन केला नाही. तिच्या मैत्रिणींना तारीख माहीत होती, असं जूनमध्ये कळलं.

वेगळं काय करता आलं असतं

मुलींना कुणाला सांगायचं हे शिकवलं होतं ते पाळीपुरतं. लग्नाची कुजबुज कानावर आली तर कुणाला, कोणत्या फोनवरून, नाव न देता कसं कळवायचं, हा तास एप्रिलच्या परीक्षेआधी व्हायला हवा होता. पाळी आणि लग्न या गावात एकाच धाग्यात आहेत हे बाईंना जुलैपासून माहीत होतं. तरी धडे वेगवेगळे राहिले. 1098 वर निनावी कळवता येतं, हे कितीतरी मोठ्या माणसांनाही माहीत नव्हतं.

दुसरं म्हणजे आया. आया जाण्याआधी, सप्टेंबरमध्ये, एक बैठक घेता आली असती. पंच्याचे तुकडे मुलींच्या हाती पडले, पण फडावर पाणी कुणी आधी वापरायचं, उन्हात काय वाळत घालायचं, हे ठरवणारी आई त्या तासाला नव्हती. दोन मुली परतल्या तेव्हा पंचे तसेच घडी घातलेले होते. 'आई म्हणाली, पांढरं कापड नको, डाग दिसतो.' गडद रंगाचा सुती कपडा घेतला असता तर हे टळलं असतं. एवढी साधी गोष्ट एखाद्या आईने पहिल्याच मिनिटात सांगितली असती.

गुपिताच्या नियमालाही एक बाजू आहे, ती बाईंशी बोलताना निघाली. पाळी लपवून ठेवायची असते, हे आपण मुलींना नकळत शिकवलं का? पुण्या-मुंबईतल्या कार्यक्रमांत मुली मंचावर येऊन उघड बोलतात, ते चांगलंच आहे. पण तिथे बोलण्याची किंमत लग्न ही नसते. जोवर इथे आहे, तोवर कधी आणि कुणाला सांगायचं हे मुलीच्या हातात राहावं, एवढीच बाईंची भूमिका. मला ती पटते. मुलग्यांच्या तासाला मात्र एवढी सावधगिरी गरजेची नव्हती. तो आणखी मोकळा आणि एकाऐवजी दोन-तीनदा घेता आला असता.

आठवी झालेल्या मुली जूनमध्ये सात किलोमीटरवरच्या हायस्कूलला गेल्या. तिथे शौचालयाला कडी आहे, पाणीही आहे. पॅड ऑफिसच्या कपाटात आहेत आणि घेताना रजिस्टरवर नाव, वर्ग आणि सही करावी लागते. बाईंनी तिथल्या मुख्याध्यापकांना पत्र दिलं आहे. ऑडिटला नोंद लागते, असं त्यांचं उत्तर आलं. आता पाकिटांची एकूण संख्या नोंदवून नावं वगळता येतील का, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारलेलं आहे. तोवर गावातल्या मुली जाताना दप्तरात जुन्या शाळेच्या पिशवीतले दोन-दोन पॅड घेऊन जातात.